बोडीच्या काठावरचा तालीमखाना: उपटायचा की ठेवायचा, आणि बी कसं काढायचं?

भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे तुमच्या बोडीचं, म्हणजे सिंचनाच्या छोट्या तळ्याचं, पाणी उतरलं की काठाच्या चिखलात निळ्या-जांभळ्या फुलांचं काटेरी झाड उभं राहतं. ते उपटायचं का, आणि बी विकायचं तर काढायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. हा तालीमखाना. कोळसुंदा, कोकिलाक्ष ही त्याचीच नावं. धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) दिसला तर उपटा. पाळीच्या (बोडीच्या बांधाच्या) पायथ्याशी, पाझराच्या ओलीत असेल तर खुशाल राहू द्या.

आधी झाड पक्कं ओळखा. कोणतंही एक पेर (खोडावरची गाठ) बघा. पेराभोवती सहा पानं असतात, त्यातली बाहेरची दोन जवळपास वीतभर लांब आणि बाकीची आखूड. प्रत्येक पानाच्या बगलेत एक सरळ, पिवळट काटा, म्हणजे पेराला सहा काटे. फुलं पेरालाच चिकटून, जोडीजोडीनं आठ. फूल इंचभराचं, दोन ओठांचं, खालच्या ओठावर पिवळा डाग. खोड चौकोनी आणि केसाळ. दुसऱ्या काटेरी झाडांशी गल्लत नको: काटेकोरांटीचं फूल पिवळं असतं आणि उटकटारीला गोल काटेरी बोंड असतं. भुईरिंगणी जमिनीसरपट पसरते, तिचे काटे पानांवरही असतात. या तिन्ही कोरड्या धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या), पाणथळात रमत नाहीत.

बांधीतलं झाड फूल येण्याआधी, काटा हिरवा आणि मऊ असताना काढायचं. चिखल ओला असेल तर मूळ अख्खं हाती येतं. जमीन आवळली की खोड तुटतं आणि बुडाशी राहिलेल्या पेरातून पुन्हा फूट येते. विळ्यानं वरवर छाटण्याचाही परिणाम हाच, उलट फांद्या वाढतात. कापणीपर्यंत राहू दिलं तर काटे कापणाऱ्यांच्या हातात जातात, तनशीत (धानाच्या पेंढ्यात) मिसळतात आणि मग बैलाच्या तोंडात. फुलावर आलेलं झाड उपटून धुऱ्यावर टाकू नका. हिरवी बोंडं खोडावरच पिकतात आणि पुढच्या पावसात बी परत बांधीत. बोडीच्या आत, तुडुमाजवळ (पाणी सोडायच्या तोंडाशी) उगवलेलं झाडही काढलेलं बरं, कारण तिथून बी पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरतं.

आता बियांचं. इथे लोक दोन ठिकाणी फसतात: वेळ आणि ओल.

फुलं खालून वर येतात, त्यामुळे बोंडंही खालचीच आधी पिकतात. सगळं झाड वाळायची वाट पाहिली तर खालच्या पेरांतली बोंडं फुटून रिकामी झालेली असतात. खालची बरीचशी पेरं तपकिरी झाली आणि शेंड्याला थोडी फुलं शिल्लक आहेत, तेव्हाच कापा. वरची कच्ची बोंडं वाया जातील, ती जाऊ द्या. कोवळ्या बियांनी मालाचा दर्जाच उतरतो.

कापायचं दंव उडाल्यावर, दुपारकडे. या बीला पाणी लागलं की सब्जासारखा बुळबुळीत थर सुटतो, बिया एकमेकींना चिकटतात आणि वाळल्यावर गोळाच राहतो. तो मोडला तर बी फुटतं. म्हणून माती दिसली तरी बी धुवायचं नाही, सफाई सगळी कोरडीच.

दुबेळक्याच्या (टोकाला दोन फाटे असलेल्या) काठीनं शेंडा दाबून धरा आणि विळ्यानं बुडाशी कापा. सुती हातमोज्यातून काटा आरपार जातो, जाड कातडी मोजे हवेत. सगळे शेंडे एकाच बाजूला ठेवून मोळी बांधा. सावलीत, वारा खेळेल अशा जागी खोड कडक होईपर्यंत वाळवा. ताडपत्रीला काट्यांनी भोकं पडतात आणि बी त्यातून गळतं, म्हणून वर जुनी पोती पसरा. मग काठीनं झोडपा. बोंडं काट्यांच्या आणि पुष्पकोशांच्या आत दडलेली असतात, नुसतं हलवून बी पडत नाही.

चाळताना एक गंमत होते. काटा बारीक असल्यामुळे उभा राहून चाळणीच्या भोकातून खाली जातो. चाळणी आपटू नका, आडवी आणि हलक्या हातानं फिरवा. पहिली चाळणी मोठ्या भोकांची, काडी-काटा अडवायला. दुसरी इतकी बारीक की दोनेक मिलिमीटरचं बी वर राहील आणि धूळ खाली जाईल. शेवटी सुपानं पाखडा. उरलेले काटे हातानं वेचावेच लागतात. बोटांना ते आधी कळतात, डोळ्यांना नंतर.

माल खरा की गवताचं बी मिसळलंय, हे तपासायला चमचाभर पाण्यात चिमूटभर बी टाका. काही मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पांढुरका लेप दिसला पाहिजे. जे दाणे कोरडे, सुटे राहतात, ते भेसळीचे. साठवण कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात करा. पावसाळी हवेत पोत्यात ठेवलेलं बी ओल धरतं आणि बुरशी येते.

पाळीखाली मुद्दाम वाढवायचं असेल तर बी भिजवू नका. एक भाग बी, पाच भाग कोरडी रेती असं मिसळून पावसाच्या सुरुवातीला ओल्या चिखलावर फेका, वर माती ओढू नका. पुढे पानं कुरतडलेली दिसली तर फवारणीच्या मागे लागू नका. पीकॉक पॅन्सीसारख्या फुलपाखरांच्या अळ्या यावर वाढतात, आणि झाड तेवढं सहज सोसतं.

कोवळ्या पानांची भाजी होते, पण तणनाशक मारलेल्या बांधीचं पाणी जिथे उतरतं तिथली खुडू नका. औषध म्हणून बी घ्यायचं झाल्यास वैद्यांना विचारा. कोरडं बी कधीच गिळू नका, घशात फुगून अडकू शकतं. आणि बोडी तुमच्या सातबाऱ्यावर नसेल, गावाची असेल, तर विक्रीसाठी बी काढण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.