नारळाचा रस फुटू नये म्हणून

प्रश्न : ताई, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, माझं माहेर मालवणकडचं. आई नारळाच्या रसातलं कोलंबीचं कालवण करायची ते कसं मऊसूत पिवळं दिसायचं, माझं मात्र दरवेळी फुटतं, वर तेल आणि खाली चोथ्यासारख्या गाठी. त्यात मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. सासूबाई म्हणतात लसूण, हळद, तुळस भरपूर घाल म्हणजे बाधणार नाही. खरं का हे?

उत्तर : आधी फुटण्याचं बघू, कारण ते अगदी सुटण्यासारखं आहे. रस, म्हणजेच नारळाचं दूध, हे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक बारीक थेंब, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून भोवती नारळातल्याच प्रोटीनचं पातळ आवरण असतं. खळखळून उकळी आली की ते प्रोटीन आकसतं, थेंब एकत्र होतात आणि तेल वर येतं, आणि त्यात आमसूल पडलेलं असेल तर अजूनच लवकर. तुम्ही बहुतेक सगळा रस सुरुवातीलाच ओतून वर झाकण ठेवत असणार.

पहिल्या पिळणीचा जाड रस आणि दुसऱ्या पिळणीचा पातळ रस वेगळा ठेवा. नारळ वाटताना पाणी कोमट घ्या, कडकडीत नको. अर्धा किलो कोलंबीला एका नारळाचा रस पुरतो. थोड्याशा तेलात कढीपत्ता, ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची, मग हळद, आणि त्यावर पातळ रस ज्यात एक चमचा तांदळाचं पीठ कालवलेलं असेल. हे पीठ विसरू नका, त्यानं रस्सा दाट होतो आणि फुटायचं प्रमाणही बरंच कमी होतं. उकळी येऊ द्या, ४ आमसुलं टाका, मीठ टाका, मग कोलंबी. कोलंबीला ३-४ मिनिटं बास, वाकडी होऊन रंग बदलला की झाली, पुढे शिजवली तर रबर. आता गॅस एकदम बारीक करा, जाड रस घाला, हलकं ढवळा, कडेनं वाफ दिसली की बंद. झाकण ठेवायचं नाही. पॅकेटचं नारळाचं दूध वापरलंत तर त्यात ते घट्ट राहण्यासाठी काही घातलेलं असतं म्हणून ते कमी फुटतं, पण उकळायचं तेही नाही.

आता मिस्टरांचं. लोक कोलंबीला घाबरतात. तिच्यात कोलेस्टेरॉल आहेच, १०० ग्रॅमला साधारण दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम, पण सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप-लोण्यासारखं गोठणारं फॅट, अगदी थोडं असतं, आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात बहुतेकांच्या बाबतीत या सॅच्युरेटेड फॅटचा हात जास्त असतो. नारळातलं फॅट जवळजवळ ९० टक्के याच जातीचं! म्हणजे या ताटात जपायचं ते जाड रसाला. त्यांच्यासाठी पातळ रसाचंच कालवण करा आणि वाढताना जाड रस दोन चमचे वरून घाला, चव अख्खी येते कारण त्याचा वास नाकाला आधी लागतो. आठवड्यातून एकदा कोलंबीऐवजी बांगडा आणा, त्यात ओमेगा ३ हे हृदयाला चांगलं फॅट आहे.

सासूबाईंचा जीव तुटतो म्हणून त्या सांगतात, त्यांना दुखवू नका, पण लसूण-हळदीनं रसातलं फॅट काही कमी होत नाही. लसूण-हळद घालायची ती चवीसाठी, वासासाठी, आणि तिच्यामुळे मीठ कमी लागतं हा मला खरा फायदा वाटतो, प्रेशरवाल्यांना तर नक्कीच. डॉक्टरांच्या गोळ्या लसूण-हळदीच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. तुळस मात्र मी घालत नाही. तिला लवंगेसारखा तिखट वास असतो, तो रसाला दाबून टाकतो, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत देवाची तुळस माशात घातलेली आवडत नाही. त्याऐवजी भाजीवाल्याकडे लीली चा मागा, म्हणजे आपला गवती चहा, दोन पाती गाठ मारून पातळ रसात सोडा आणि वाढताना काढून टाका. हिवाळ्यात लीलुं लसण, म्हणजे ओला हिरवा लसूण, येतं त्याची पात शेवटी बारीक चिरून घातली तर काय सुरेख लागतं! आंबेहळदही तेव्हाच येते, तिला कैरीसारखा वास असतो, इवलासा तुकडा किसून घाला, पण ती नेहमीच्या हळदीच्या जागी नाही, वेगळी.

प्रश्न : मासे आणि दूध एकत्र खाल्लं तर अंगावर कोड येतं असं आजेसासूबाई सांगतात. मग नारळाचं दूध कसं चालतं?

उत्तर : माशाबरोबर दूध घेऊ नये हे चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात आहे, पण ते जनावराच्या दुधाबद्दल. नारळाचं दूध हा फळाचा रस, नावापुरतं दूध, आणि कोकणात पिढ्यानपिढ्या लोक माशाबरोबर तेच जेवतात. आणि कोड हा मासे-दुधानं होत नाही, त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते. ज्यांच्या घरी कोणाला कोड आहे त्यांना तू काय खाल्लंस असं विचारून छळू नका प्लीज, मला याचं खरंच फार वाईट वाटतं. जपायचंच असेल तर अ‍ॅलर्जीला जपा. कोलंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगाला खाज सुटली, श्वास लागला तर तडक दवाखान्यात जायचं, आणि पुन्हा चव बघायलासुद्धा खायचं नाही.

प्रश्न : तिरफळं इथे बडोद्यात मिळत नाहीत, काय घालू? आणि कोलंबी फ्रीझरमधली असली तर?

उत्तर : तिरफळाला बदली नाही. कोकणात कोणी जाणारं असेल तर सुकी मागवा, घट्ट बरणीत छान टिकतात. ती बांगडा-तारलीसाठी, कोलंबीत मी घालत नाही. आतली काळी बी काढून जराशी ठेचायची आणि खाताना बाजूला ठेवायची. गोठलेली कोलंबी आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा, सुटलेलं पाणी पूर्ण निथळा नाहीतर रस पांचट होतो, आणि मीठ-हळद रस्सा तयार झाल्यावरच लावा. उरलेलं कालवण आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर राहू देऊ नका, जेवणं झाली की लगेच फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी बारीक गॅसवर वाफ येईपर्यंत नीट गरम करा, आणि जाड रसाची वाटी बाजूला ठेवलेली असेल तर तेव्हाच घाला.