संगणकातला पियानो आणि आपला गळा : वाचकांचे प्रश्न

व्हर्च्युअल पियानोवर गाणे बसवणाऱ्यांची पत्रे वाढली आहेत आणि त्यांतील गोंधळ बहुधा तेच ते असल्याने चार प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : पियानो काळी दोन पट्टीत वाजवून ठेवला, पण गायकाला काळी एकच झेपते. पुन्हा वाजवावा लागेल का? (आर्वी)

नाही, मिडी नोंद (आवाज नव्हे, तर कोणती कळ कधी आणि किती जोरात दाबली याची संगणकातली नोंद) दोन अर्धस्वर खाली सरकवा.

प्रश्न : कळ दाबल्यावर स्वर उशिरा उमटतो. दुकानदार १९२ किलोहर्ट्झचा महाग इंटरफेस (संगणकाला माइक आणि हेडफोन जोडणारे यंत्र) घ्या म्हणतो. (दारव्हा)

घेऊ नका. गाण्याला ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुरतात. उशिराचे मुख्य कारण बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक साठवतो तो तुकडा, असते : ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांचा) बफर सुमारे ११.६ मिलिसेकंद घेतो, १२८ चा सुमारे २.९. वाजवताना तो लहान ठेवा, मिक्सिंगला (सगळे आवाज एकत्र जुळवताना) वाढवा, आणि ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. तरीही उशीर राहिला, तर खरेदीआधी ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस चालवणारी संगणकातली आज्ञावली, जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : टिनाच्या खोलीत अंड्यांचे ट्रे लावले, तरी कुलरचा आवाज येतो. (धारणी)

येणारच. अंड्यांच्या ट्रेने आवाज अडतो ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. कुलर बंद करून पहाटे गा आणि गायकाच्या मागे जाड गाद्या उभ्या करा.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकाचे गाणे आहे. गळा पियानोखाली दबतो आणि वाढवला की फाटतो. (वडसा)

आवाज वाढवत नेणे हा यावरचा उपायच नाही. पियानोचा मधला सी सुमारे २६१.६ हर्ट्झचा असतो आणि गाणाराही त्याच्याच आसपास वावरतो, त्यामुळे उजवा हात गाण्याची चाल जशीच्या तशी वाजवू लागला की दोघे एकाच जागेसाठी भांडतात. म्हणून आधी वादन सुधारा : गायन चालू असताना मिडीतले अनावश्यक स्वर काढा, उरलेले गरजेप्रमाणे एक सप्तक वर न्या आणि पेडल प्रत्येक स्वरसंगती बदलताना सोडले आहे का ते पाहा. स्वरांचा जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, कमी केल्यास खऱ्या पियानोच्या चांगल्या ध्वनिमुद्रित नमुन्यांवर चालणाऱ्या पियानोचा पोतही मऊ होतो, जे नुसता फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढल्याने होत नाही. त्यानंतरच पियानोच्या २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल घट करून पाहा. अनेक व्हर्च्युअल पियानोंना सभागृहाची घुमक आधीच जोडलेली असते. ती बंद करून पियानो आणि गळा दोघांना एकच रिव्हर्ब, म्हणजे घुमक, द्या.

गळा फाटतो कुठे, तेही शोधा. मिक्समध्ये फाटत असेल तर सर्वच ट्रॅक खाली आणा. रेकॉर्डिंगमध्येच फाटला असेल, तर जाहिरातीतले कोणतेही ‘एका क्लिकचे मास्टरिंग’ तो पूर्ववत करणार नाही, पुन्हा गावे लागेल, आणि या वेळी सर्वात मोठ्या आवाजाची जागाही मीटरवर उणे ६ डेसिबलच्या खाली राहू द्या. दिवाळीनंतर प्रयोग सुरू होणार हे ठाऊक असूनही मंडळी पहिल्या प्रयोगाच्या तोंडावर एकच एमपीथ्री पाठवतात, ज्यातून पियानो आणि गळा नीट वेगळे करणे कठीण असते. माझ्या या उत्तरावर विसंबून संपूर्ण गाणे मिक्स करू नका. गळ्याची मूळ वेव्ह फाइल आणि मिडी घेऊन आताच जवळच्या रेकॉर्डिस्टकडे जा आणि एक कडवे त्याच्यासमोर ऐका.