चातुर्मासात बर्लिनच्या व्हिगन डेलीत

प्रश्न : आषाढाच्या अखेरीस आम्ही उभयता मुलाकडे बर्लिनला जाणार आहोत. मी शाकाहारी असून अंडेही खात नाही आणि चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करते. सुनेने घराजवळच्या एका व्हिगन डेलीचे, म्हणजे कोणताही प्राणिज पदार्थ नसलेल्या तयार खाद्यपदार्थांच्या दुकानाचे, छायाचित्र पाठवले आहे. त्यात काचेमागे चक्क सलामीच्या (मुरवलेल्या मांसाच्या) चकत्या आणि सॉसेज मांडलेले दिसतात. अशा दुकानात मला खरोखर काही खाता येईल का?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : येईल, आणि तेथील साध्या शाकाहारी उपाहारगृहापेक्षा अधिक निर्धास्तपणे येईल. लसणाची चौकशी मात्र आपल्याला स्वतःच करावी लागेल.

आपल्याकडे हिरवा ठिपका पाहिला की अंडे नाही याची खात्री होते. जर्मनीत ‘शाकाहारी’ म्हटलेल्या पदार्थात अंडे सर्रास असते, आणि चीजचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. इटलीच्या अस्सल पार्मेझान चीजला तर तेच वापरण्याचा नियम आहे. प्रस्तुत लेखिकेने पहिल्या प्रवासात पार्मेझान भुरभुरलेला पास्ता ‘शाकाहारी’ समजून दोनदा मागून खाल्ला होता, हे येथे कबूल करायला हरकत नाही. व्हिगन दुकानात मांस, मासे, अंडे, दूध, जिलेटिन आणि मधसुद्धा नसल्यामुळे या शंका दारातच संपतात. बंद पाकिटावर ‘व्ही’ अक्षराला पान फुटल्यासारखे चिन्ह दिसेल. पण ते शाकाहारी आणि व्हिगन अशा दोन्ही प्रकारांसाठी वापरतात, म्हणून त्याच्यासोबतचा शब्द अवश्य वाचावा.

आता त्या सलामीविषयी. बर्लिनमध्ये पूर्णपणे व्हिगन सुपरमार्केट 2011 मध्येच सुरू झाले आणि 2023 मध्ये ड्रेस्डेन शहरात स्वतःला ‘व्हिगन खाटिकाचे दुकान’ म्हणवणारे दुकान उघडले. ही दुकाने मुख्यतः मांसाहार सोडलेल्या, पण जुनी चव न विसरलेल्या लोकांसाठी चालतात. म्हणून रूप आणि नाव मांसाचे असते. आतला ऐवज बहुधा सोयाबीन, वाटाण्याची प्रथिने किंवा सैतान यांचा असतो. या नावाने दचकू नये. कुरडयांसाठी गहू भिजवून वाटल्यावर आपण चीक ठेवतो आणि चोथा टाकतो. सैतान करताना कणीक पाण्यात धूत राहून पिठूळ चीक वाहून जाऊ देतात आणि मागे उरणारा रबरासारखा चिवट गोळा मसाल्यात शिजवतात. तो गव्हाचाच असल्यामुळे ज्यांना ग्लुटेन (गव्हातले प्रथिन) सोसत नाही त्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. मांसासारखे दिसणारे काही तोंडात घालायला मन धजत नसेल, तर त्याची सक्ती स्वतःवर करू नये. त्याच काउंटरवर हुमुस (काबुली चण्यांची चटणी), मुरवलेले ऑलिव्ह, भाजलेल्या भाज्या आणि बटाट्याचे सॅलड यांतले काही ना काही बहुधा मिळतेच.

काजू भिजवून, वाटून, आंबवून केलेले चीज असेल तर आवर्जून चाखावे. त्याच्या पाकिटावर ‘चीज’ हा शब्द शोधत बसू नये. दूध, लोणी, चीज ही नावे काही ठरलेले अपवाद वगळता प्राणिज दुधाच्या पदार्थांनाच देता येतील, असा निकाल युरोपीय न्यायालयाने जून 2017 मध्ये एका जर्मन कंपनीच्या खटल्यात दिला. त्यामुळे पाकिटावर ‘पर्याय’ किंवा ‘चकत्या’ अशी गोलमोल नावे छापलेली असतात.

कांदा-लसणाच्या बाबतीत मात्र कायदा आपल्या मदतीला येत नाही. युरोपीय संघात ॲलर्जी आणणाऱ्या 14 घटकांची माहिती सुट्या पदार्थांबाबतही ग्राहकाला द्यावी लागते; त्या यादीत गहू, सोया, काजू, तीळ, मोहरी, अगदी सेलेरीसुद्धा आहे, पण कांदा आणि लसूण नाहीत. आणि सलामीची नक्कल साधायची म्हणजे लसूण आलाच, हुमुसमध्येही तो असतोच, बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुतेक वेळा कांदा असतो. तेव्हा दुकानात ‘ओने त्स्वीबेल, ओने क्नोब्लाउख’ एवढे म्हणावे, म्हणजे कांद्याविना, लसणाविना. सूनबाईंकडून उच्चार आधी घोटून घ्यावा. पाकिटावर साहित्याची पूर्ण यादी असते, पण त्यात नुसते ‘मसाले’ लिहिलेले आढळले तर आपल्या नियमासाठी ते पाकीट बाजूला ठेवणेच बरे. नियम कडक पाळणार असाल तर साधा पाव, काजूचे चीज आणि ऑलिव्ह यांवर एक वेळ सहज निभते. कांदेनवमी घरी यथासांग उरकूनच विमानात बसावे, हे आपल्याला सांगायला नकोच.

दूध-तुपाची उणीव भासेल म्हणून सामानात तुपाचा डबा किंवा पेढे बांधून नेऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतले जातात. लोणी तेथे कोणत्याही दुकानात उत्तम मिळते. तूप घरी कढवावे. रविवारी मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने सोडली तर जर्मनीत बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे डेलीतली खरेदी शनिवारीच करून ठेवावी, आणि सुटे पदार्थ ग्रॅमवर तोलून देतात म्हणून नव्या चवीचे आधी शंभरच ग्रॅम मागावेत.