आरोग्य प्रश्नोत्तरे : ताप नसताना सेप्सिस कसा?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच ते असंबद्ध बोलू लागले आणि त्यांना धाप लागली. ताप नव्हता, म्हणून आम्हाला ती औषधाची गुंगी वाटली. संध्याकाळी सेप्सिस झाल्याचे सांगून त्यांना आयसीयूत हलवले. ताप नसताना सेप्सिस कसा होतो? आम्ही काय ओळखायला हवे होते? – एक वाचक, सातारा

उत्तर : जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसाद ताळतंत्र सोडून स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागला, की त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली ठरलेल्या या व्याख्येत तापाची अट नाही. वृद्धांना व मधुमेहींना अनेकदा ताप येत नाही, उलट अंग गार पडते. शिवाय वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर असलेला तापही झाकला जातो. वडिलांचे असंबद्ध बोलणे हीच धोक्याची खूण होती. मात्र ती ओळखणे हे वॉर्डातील डॉक्टर-परिचारिकांचे काम आहे, त्याचा दोष आपण स्वतःकडे घेऊ नये.

श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी आणि शुद्धीत फरक, यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तर धोका मोठा समजावा. पण त्या दिसल्या नाहीत म्हणून सेप्सिस नाही, असे म्हणता येत नाही. श्वास मोजताना रुग्णाला न सांगता पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहावे, कारण सांगितले की त्याची लय बदलते. लघवीच्या पिशवीवरही लक्ष असावे : ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला ३० मिलीलिटरपेक्षा कमी लघवी होत राहिली, तर ते कळवायलाच हवे. पिशवी रिकामी करण्यापूर्वी आकडा लिहिला का, हे सिस्टरना जरूर विचारावे. ‘बरे वाटत नाही’ एवढेच न सांगता, ‘सकाळी नातवाला ओळखत होते, आता ओळखत नाहीत’ असे नेमके सांगितले तर डॉक्टर लवकर येतात.

उपचारात रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि लॅक्टेट (अवयवांना रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) तपासतात. रक्तदाब ढासळला असेल तर तासाभरात प्रतिजैविक सुरू झाले पाहिजे. कल्चरसाठी ते लांबवू नये. सलाईनने दाब सावरला नाही तर नॉरएपिनेफ्रिन हे रक्तदाब वाढवणारे औषध लागते, आणि संसर्गाचे मूळ कॅथेटरमध्ये (लघवीसाठी घातलेल्या नळीत) असेल तर तो काढावा किंवा बदलावा लागतो.

घरी आल्यावर अशक्तपणा आणि विसराळूपणा काही महिने राहू शकतो. पुढे कधी धाप लागली किंवा लघवीला जळजळ झाली, तर पूर्वी सेप्सिस झाल्याचे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.