सोने तारण आणि पापापासून तारण

प्रश्न : मी सोलापुरात फ्लेक्स छपाईच्या दुकानात मजकूर जुळवतो. एकाच आठवड्यात दोन फलक आले. एक पतसंस्थेचा, ‘सोने तारण कर्ज’. दुसरा चर्चचा, ईस्टरचा : ‘येशूच्या पुनरुत्थानाने पापाचे तारण’. दोन्हींतले तारण एकच का? दुकानात एक जण म्हणाला, हा मिशनऱ्यांचा चुकीचा तर्जुमा आहे, तिथे ‘मोक्ष’ पाहिजे. शिवाय ‘पापाचे’ बरोबर की ‘पापापासून’?

फलक छापायचा राहिला असेल, म्हणून शेवटचे आधी सांगतो. ‘पापापासून’ छापा. ‘पापाचे तारण’ म्हटले की पापच तरले असा अर्थ होतो. माणूस बुडाला आणि पाप काठाला लागले! पतसंस्थेच्या चालीवर वाचले तर आणखी पंचाईत : कुणीतरी पाप गहाण टाकून उचल घेतली. ‘पापांची क्षमा’ हे शब्द कानात बसलेले असतात, त्यांच्या वजनावर ‘पापाचे तारण’ लिहिले जाते. पण क्षमा पापांची होते आणि तारण माणसाचे होते, तेही पापापासून. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात देवदूत योसेफाला सांगतो की मुलाचे नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. तिथेही ‘पासून’च आहे. हे वाक्य म्हणजे नावाची फोडच आहे. ‘येशू’ हे नाव ज्या इब्री (हिब्रू) नावावरून आले त्याचा अर्थ ‘परमेश्वर तारतो’ असा. मराठीत येशू आणि तारणे यांचा ध्वनी जुळत नाही, म्हणून तो ‘कारण’ आपल्याला थोडा अधांतरी वाटतो.

आता दोन फलकांवरचे तारण. शब्द एक, धातूही एक, संस्कृत ‘तृ’, म्हणजे ओलांडणे, पार जाणे. या धातूचे गोत मराठीत मोठे आहे. तरणे, तारणे, उतार, उतारू, तीर्थ (मूळ अर्थ नदी ओलांडायची जागा), शिवाय अवतारसुद्धा, म्हणजे वरून खाली उतरणे. जहाजाला आपण तारू म्हणायचो. तुकोबांचे तारू तर चंद्रभागेच्या तीरी बंदराला लागलेले आहे. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण बंदर आहे ते असे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण म्हणायला कुणाला चर्चमध्ये जावे लागत नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरहून मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार (बायबलाचा येशूपासून पुढचा भाग) निघाला तो १८११ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस देवाला तारायला सांगत होता. तेव्हा मिशनऱ्यांनी शब्द चुकवला नाही. लोकांच्या तोंडी होता तोच उचलला.

सराफाकडचे किंवा पतसंस्थेतले तारण याच घरातले, फक्त तिथे तरायची असते ती कर्ज देणाऱ्याची रक्कम. ज्या वस्तूच्या जोरावर ती बुडत नाही, ती वस्तू तारण. म्हणून सोने तारण, बाजार समितीच्या गोदामातली तूर किंवा सोयाबीन ठेवून घेतलेले शेतमाल तारण कर्ज, आणि काहीच न ठेवता मिळते ते विनातारण. (गहाण, तारण, नजरगहाण यांतले बारकावे बँकवाले जपतात, बोलण्यात आपण सरमिसळ करतो. नजरगहाणात वस्तू कर्जदाराकडेच राहते, बँक फक्त ‘नजर’ ठेवते. हा शब्द ज्याने घडवला त्याला माझा नमस्कार.)

कोणते तारण कुठले, हे क्रियापदावरून ओळखा. तारण ठेवले, दिले, घेतले, सोडवले तर व्यवहार बाजारातला. तारण झाले, मिळाले, पावले तर चर्चमधला. ‘माझे तारण झाले’ असे कुणी म्हणाले तर बांगड्या गेल्या की काय, असे मराठी माणूस विचारत नाही. कर्त्याच्या नामातही फरक आहे. ख्रिस्ती मराठीत ‘तारणारा’ म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांना ‘तारणारा जन्मला आहे’ असे सांगतो. ‘तारणहार’ मात्र क्रिकेटच्या पानावर जाऊन बसला आहे, आठव्या क्रमांकावर येऊन सामना वाचवणाऱ्यासाठी. तुमच्या फलकावर ‘तारणारा’च शोभेल.

उपदेशातून कधी कधी कोटी ऐकू येते की येशूने आपल्यासाठी स्वतःला तारण ठेवले. कोटी म्हणून चांगली आहे, पण मराठी बायबलाचा शब्दप्रयोग तसा नाही, आणि इथेच मला गंमत वाटते. बायबलात बाजारातले शब्द भरपूर आहेत. पापाचे ‘वेतन’ मरण आहे, असे पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल रोमकरांस लिहितो, आणि लगेच त्याच्यासमोर देवाचे कृपादान ठेवतो. पगार हक्काने मिळतो, दान फुकट मिळते. गिरणीच्या पगारावर वाढलेल्या गावाला हे वाक्य फोड न करता कळते. इब्री लोकांस पत्रात येशूला नव्या, अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. पवित्र आत्मा हा ‘विसार’ आहे, घर-जमिनीचा सौदा पक्का करताना देतात तोच विसार. या विसाराचा मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’. तो इब्रीसारख्या सेमिटिक भाषांतून व्यापाऱ्यांबरोबर ग्रीकमध्ये आला आणि इब्रीत त्याचा अर्थ चक्क गहाणवस्तू होता. बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात यहूदा तामारेकडे आपली मुद्रा, गोफ आणि काठी ठेवतो, ती या शब्दाने. म्हणजे पतसंस्थेच्या फलकावरचे तारण बायबलात शोधायचेच असेल तर ते विसारात सापडेल. ईस्टरचे तारण पेढीवरून आलेले नाही, ते नदीवरून आलेले आहे.

बाजारातला सर्वांत अवघड शब्द राहिला : खंडणी. मराठी बायबलात ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ असा प्रयोग आहे आणि आजच्या वाचकाला तो दचकवतो. वर्तमानपत्रात खंडणी येते ती गुन्हेगारीच्या पानावर. भाषांतर झाले त्या काळात मात्र खंडणी म्हणजे मुलूख किंवा शहर वाचवण्यासाठी भरायची रक्कम, असा अर्थ लोकांच्या ओळखीचा होता. मूळ ग्रीक ‘लुत्रोन’ म्हणजे गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेले मोल. नवा करार म्हणतो की माणूस पापाचा गुलाम झाला होता आणि ख्रिस्ताने आपला जीव देऊन त्याला सोडवले. आता खंडणी म्हटली की आपला पुढचा प्रश्न ठरलेला : दिली कुणाला? आणि हाच प्रश्न ख्रिस्ती पंडितांनीही घातला. सुरुवातीच्या शतकांत ओरिजेनसारखे काही म्हणत, सैतानाला. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीला ते पटेना. लुटारूने लुटीची किंमत घ्यावी, तीही खुद्द देवाकडून, ही कल्पनाच त्याला लाजिरवाणी वाटली. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने मांडणी फिरवली : माणूस देवाचा देणेकरी आहे, देणे फेडायची ऐपत फक्त देवात आहे आणि फेडायचे आहे माणसाने, म्हणून देव माणूस झाला. मला या भांडणात ग्रेगरीची बाजू जास्त प्रामाणिक वाटते. उपमा किती ताणायची हे त्याला कळत होते.

पण मग गुड फ्रायडेला, येशूच्या मरणाच्या दिवशी, सगळे चुकते झाले असेल तर ईस्टरला ‘तारण’ कशाला? फलकवाल्यांनी ते गुड फ्रायडेच्या फलकावर टाकायला हवे होते, असे कुणाला वाटेल. नाही. पौल करिंथकरांस स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. रोमकरांस पत्रात तो आणखी नेमके बोलतो : ख्रिस्ताच्या मरणाने देवाशी आपला समेट झाला, त्याच्या जीवनाने आपण तारले जाऊ. मरणाच्या बाजूला समेट, जगण्याच्या बाजूला तारण. ख्रिस्ती समजुतीत पाप म्हणजे केवळ वहीत मांडलेल्या चुका नव्हेत. ती माणसाला धरून ठेवणारी सत्ता आहे आणि तिचा शेवटचा हात म्हणजे मरण. त्या हातातून कुणीतरी सुटून बाहेर आल्याशिवाय सुटका झाली म्हणता येत नाही. ख्रिस्ती माणसाच्या लेखी ईस्टरच्या पहाटेचे रिकामे थडगे हे ते बाहेर येणे आहे. तुमच्या फलकावर ‘पुनरुत्थानाने’ हा शब्द आहे तो म्हणूनच योग्य. मजकूर लिहून देणाऱ्याचे व्याकरण कच्चे असेल, शास्त्र पक्के आहे.

आणि इथे मराठीने भाषांतरकारांना न मागता एक देणगी दिली आहे. येशूचा वध झाला तो यहुद्यांच्या वल्हांडण सणात. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. ‘उंबरा वलांडून ये’ असे आपल्याकडच्या खेड्यांत म्हाताऱ्या बायका म्हणतात, तेच हे क्रियापद. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मृत्यूचा फेरा आला तेव्हा कोकराचे रक्त लावलेली घरे परमेश्वराने ओलांडली, मग इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र ओलांडला, ही बायबलाच्या निर्गम या पुस्तकातली कथा. पौल ख्रिस्तालाच वल्हांडणाचे कोकरू म्हणतो. ग्रीक आणि लॅटिनमध्ये ईस्टरचे नाव त्या सणावरूनच ‘पास्खा’ असे आहे. कॅथलिक उपासनेत ईस्टरच्या आदल्या रात्री समुद्र ओलांडल्याचा उतारा आजही वाचतात, तो गाळायची मुभा नाही. अशा सणाच्या शेवटी जो शब्द यायचा तो ‘तृ’ धातूतून यावा, ज्याचा अर्थच ओलांडणे! मूळ ग्रीक शब्दात हे नाही. तिथे वाचवणे आहे आणि बरे करणेही आहे. पाणी आणि पैलतीर मराठीचे. (गुजराती बायबलातही ‘तारण’च आहे, तेव्हा एकट्याने मिरवू नये.)

‘मोक्ष’ का नाही, ते आता सोपे झाले. मोक्ष म्हणजे सुटणे, पण कशातून? जन्ममरणाच्या फेऱ्यातून. ख्रिस्ती विचारात फेरा नाही. जन्म एकच, आणि अडचण जन्माला येण्याची नसून देवाशी तुटण्याची. शिवाय ईस्टरची आशा देहातून सुटण्याची नाही, देहासकट उठण्याची आहे. तिथे मोक्ष लिहिले तर शब्द भारदस्त होईल आणि अर्थ उलटा. उद्धार जवळचा आहे, पण त्यातही एक खोच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात स्वतःच स्वतःचा उद्धार करावा म्हटले आहे, बाराव्यात भगवंत स्वतःला मृत्युसंसारसागरातून उद्धरणारा म्हणवतात. ख्रिस्ती माणूस बाराव्याला मान डोलावेल, सहाव्याला थबकेल. इफिसकरांस पत्रात स्वच्छ आहे : कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले आहे, ते तुमच्या हातून झालेले नाही. पण शब्दांची अशी सोवळीओवळी कुणीच शेवटपर्यंत पाळलेली नाही. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सने १६१६च्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटले. उलट पंडिता रमाबाईंनी इब्री-ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणताना (ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ला निघाले) हिंदू धर्मग्रंथांचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द टाळायचा आग्रह धरला, आणि संस्थेचे नाव मात्र ठेवले ‘मुक्ती’! सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड ओलांडले की केडगाव लागते, ते त्यांचे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेलाही मराठीत मुक्तिफौजच म्हणतात, तारणफौज कुणी म्हटले नाही. बरे झाले, वसुलीला आलेली वाटली असती.

शेवटी एक कामाचे. आपल्या गावात असे फलक पुष्कळदा मराठीखाली तेलुगूतही असतात. तसे असेल तर ‘तारण’ हा शब्द तेलुगू लिपीत उतरवू नका. तेलुगू बायबलातला शब्द ‘रक्षण’ आहे, कन्नडमध्येही ‘रक्षणे’. मजकूर चर्चमधल्या तेलुगू माणसाकडून तपासून घ्या. आणि दुकानातल्या त्या गृहस्थांना सांगा की तेलुगूत संरक्षणमंत्र्यालाही ‘रक्षण’मंत्रीच म्हणतात, तरी ईस्टरच्या फलकावर रणगाडा शोधायला कुणी जात नाही.