उपाशीपोटी साखर ११०, पण एचबीए१सी ७.८, यातलं खरं कुठलं?

आईची उपाशीपोटी साखर ११० आणि त्याच रक्तातून एचबीए१सी ७.८ आलं, तर लॅबचं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नाही. मी पंधरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रिपोर्ट हातात घेऊन हाच प्रश्न विचारणारे नेहमी भेटतात.

उपाशीपोटीची साखर ही फक्त त्या सकाळची. आदल्या रात्री लवकर आणि बेतानं जेवलं की ती कमी दिसू शकते. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करणारे तर घरोघरी आहेत. एचबीए१सी तेवढ्यानं फारसं हलत नाही. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, त्याला साखर चिकटते आणि ती पेशी मरेपर्यंत तशीच राहते. असं साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन किती, हेच एचबीए१सी सांगतं. गुलाबजाम पाकात जितका जास्त वेळ, तितका आतपर्यंत गोड, तसंच हे. पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब येतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा.

७.८ म्हणजे दिवसरात्र धरून सरासरी साखर १७७ च्या आसपास. (५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात.) सकाळी ११० असूनही सरासरी एवढी, म्हणजे जेवणानंतर साखर बरीच चढत असावी. नेहमीचं जेवण करून दोन तासांनी तपासून घ्या. त्या दिवशी मुद्दाम कमी जेवू देऊ नका, नाहीतर तपासणीचा उपयोगच नाही.

आता एक गोष्ट जरूर बघा: आईचं हिमोग्लोबिन किती आहे? ते कमी असण्यामागे लोहाची कमतरता असली तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. माझ्या आत्याचं ६.७ आलं होतं, आणि त्या एका आकड्यावर तिला मधुमेही ठरवलं गेलं. हिमोग्लोबिन फक्त ८ होतं, तिकडे कुणी बघितलंच नाही. चार महिने तिनं आंबा-केळं तोंडात घातलं नाही, रडायची. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरल्यावर आकडा ६ वर आला. अजून आठवलं की वाईट वाटतं.

याच्या उलटही होतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, जो गडचिरोली-नंदुरबारकडे बऱ्याच घरांत आढळतो, तर तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरीही या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी करतात, तिच्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते.

तेव्हा हिमोग्लोबिन आणि जेवणानंतरची साखर, हे दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. आईच्या गोळ्या चालू असतील तर तोवर त्या आहेत तशाच द्या.