एसएसबी निघाली पण फिजिक्सला १९ मार्क, एनडीएची सीट जाईल का?

प्रश्न : सर नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला, अमळनेरला रूम करून बारावी सायन्स शिकतो. सप्टेंबरमध्ये एनडीएची, म्हणजे सैन्यात ऑफिसर घडवणाऱ्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीची लेखी दिली ती निघाली, मग डिसेंबरमध्ये भोपाळला एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडीची पाच दिवसांची चाचणी-मुलाखत झाली, पाचव्या दिवशी माझा चेस्ट नंबर (छातीवरचा उमेदवार क्रमांक) बोलावला, रेकमेंड झालो, नंतर मेडिकलही फिट आलं. पण ह्या सगळ्यात कॉलेज खूप बुडालं. आता प्रिलिमचा निकाल लागला, मॅथ्सला ८० पैकी ५८, केमिस्ट्रीला ७० पैकी ३८, आणि फिजिक्सला ७० पैकी १९. दहावी मराठी मीडियमला झाली, फिजिक्सचं इंग्लिश वाचलं की कळतं पण लिहिता येत नाही. घरी अजून सांगितलं नाही. गावात माझा फोटो टाकून फ्लेक्स लागलाय, आबा भेटेल त्याला सांगतात पोऱ्या ऑफिसर झाला. चार एकर कोरडवाहू कापूस आहे आमचा, इंजिनिअरिंगची फी होणार नाही हे मला माहितीय, एनडीएत शिक्षणाचा खर्च सरकार करतं म्हणूनच मी तिकडे वळलो. एक मित्र म्हणतो एनडीएवाले कॉलेजकडून प्रिलिमचे मार्क मागवतात, दुसरा म्हणतो फिजिक्सला ६० टक्के लागतातच. रात्री झोप नाही. सीट जाईल का? फेब्रुवारीत बोर्ड आहे.
— एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : बाळा, आधी सरळ उत्तर देतो म्हणजे आज तरी झोपशील. प्रिलिमच्या १९ मार्कांनी तुझी सीट जात नाही. प्रिलिम ही तुझ्या कॉलेजची घरची परीक्षा आहे, ती ना यूपीएससीला कळते ना आर्मीला, कोणी मागवत नाही. आणि ६० टक्क्यांची गोष्ट मित्राने टीईएसमधून, म्हणजे आर्मीच्या टेक्निकल एन्ट्री स्कीममधून उचललेली दिसते, ती एन्ट्रीच वेगळी. एनडीएचं मेरिट लागतं १८०० मार्कांवर, लेखी ९०० नि एसएसबी ९००, बारावीचा एकही मार्क त्यात धरत नाहीत. बारावी फक्त पास लागते. आर्मी विंगला कोणत्याही शाखेची बारावी चालते, एअरफोर्स, नेव्ही नि नेव्हल अकॅडमीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन पास झालेली लागते.

पण हे "फक्त पास" तू हलकं घेऊ नकोस, कारण सीट जायची असेल तर ती इथेच जाईल. तू सायन्सला बसलायस म्हणजे फिजिक्स राहिलं की बारावीच राहिली, मग तू आर्मी पहिली टाकलेली असो की एअरफोर्स. कोणी म्हणेल पुरवणी देऊ, तर पुरवणी परीक्षा होते जून-जुलैत नि निकाल यायला जुलैचा शेवट उजाडतो, तुझा कोर्स खडकवासल्याला, एनडीएत, जुलैच्या सुरुवातीलाच चालू होतो. म्हणजे ह्या कोर्सपुरती पुरवणी तुझ्या कामाची नाही. वय साडेएकोणीसच्या आत असेल तर परत फॉर्म भरता येतो, पण मग लेखी परत, एसएसबी परत, मेडिकल परत. जे हातात आलंय ते फेब्रुवारीतच राखायचंय.

आता मार्कांकडे नीट बघ. ७० चे ३५ टक्के म्हणजे साधारण २५. तू सहा मार्कांनी खाली आहेस, साठ नाही. आणि मला तुझ्या पत्रातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. तू जीएटी, म्हणजे एनडीएच्या लेखीतला जनरल अॅबिलिटीचा पेपर काढलास, त्यात फिजिक्सचे प्रश्न असतातच, म्हणजे तुला फिजिक्स येत नाही असं नाहीये, तुला फिजिक्स लिहिता येत नाही. एनडीएत चार पर्यायांतून एक गोल करायचा असतो, बोर्डात व्याख्या, आकृती नि डेरिव्हेशन इंग्लिशमध्ये मांडायचं असतं. मराठी मीडियममधून आलेली आपल्या खान्देशातली कितीतरी पोरं अकरावीत इथेच अडकतात नि स्वतःला ढ समजायला लागतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. ह्याच्यावर उपाय आहे आणि तो वाचन नाही, तो हात चालवणं आहे. रोज दोन डेरिव्हेशनं पुस्तक बंद करून कागदावर लिहायची, अडलं की उघडून बघायचं नि परत पहिल्या ओळीपासून लिहायचं. इंग्लिश साधं चालतं, व्याकरण चुकलं म्हणून फिजिक्सचा मार्क जात नाही, पण आकृतीला नावं नसली नि युनिट नसलं तर जातो.

पेपर कसा असतो तेही डोक्यात पक्कं कर. सेक्शन ए मध्ये १० एमसीक्यू नि ८ एका मार्काचे प्रश्न, इथे ऑप्शन नाही, पण एमसीक्यू तर तुझं घरचं मैदान. बी मध्ये दोन मार्कांचे १२ पैकी ८, सी मध्ये तीन मार्कांचे १२ पैकी ८, डी मध्ये चार मार्कांचे ५ पैकी ३. म्हणजे ए सोडलं तर सगळीकडे भरपूर सोडायची मुभा आहे. ए मध्ये १२, बी मध्ये १०, सी मध्ये १० नि डी मध्ये ४ असे मिळाले तरी ३६ होतात. मी तुला टार्गेट ४० चं देतो, कारण काठावर राहणाऱ्याला एखादा अवघड पेपर खाली ढकलतो.

धडे १६ आहेत, सगळे सारखे धरू नकोस. कापूस वेचताना आधी फुटलेली बोंडं वेचतो आपण, कैऱ्यांना नंतर हात लावतो, तसंच कर. सेमीकंडक्टर डिव्हायसेस, ड्युअल नेचर, अणू-केंद्रकाचा धडा, मॅग्नेटिक मटेरियल्स हे शेवटचे-मधले धडे पोरं घाबरून सोडून देतात नि खरं तर तेच लवकर हातात येतात. रेक्टिफायरची आकृती, फोटोइलेक्ट्रिकचं आइनस्टाइनचं समीकरण, बोहरची त्रिज्या, हे पाठ नि हातात बसलं पाहिजे. मग करंट इलेक्ट्रिसिटी घे, त्यात व्हीटस्टोन ब्रिज नि पोटेन्शिओमीटर प्रॅक्टिकललाही कामाला येतात. मग थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स, वेव्ह ऑप्टिक्स. रोटेशनल डायनॅमिक्समध्ये वेळ खूप जातो, त्यातलं बँक्ड रोडचं डेरिव्हेशन नि सोपी गणितं तेवढी कर. मात्र प्रत्येक धड्यामागचे एमसीक्यू नि एका वाक्याचे प्रश्न बालभारतीच्या पुस्तकातून सोळाही धड्यांचे करायचे, कारण सेक्शन ए कुठूनही येतो. आणि कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलने गणित करायचा सराव ठेव, तुझं मॅथ्स चांगलं आहे, हे मार्क तुझेच आहेत.

प्रॅक्टिकलचे ३० वेगळे. एसएसबीच्या गडबडीत तुझे प्रयोग बुडाले असणार, उद्याच सरांना भेटून राहिलेले प्रयोग मागून घे, जर्नल पूर्ण करून सही घे. अर्धवट जर्नल घेऊन एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर जाऊ नकोस. पण प्रॅक्टिकलच्या भरवशावर लेखी सोडायची नाही, लेखीत स्वतःच्या बळावर पास व्हायचं असंच धरून चाल. त्याच सरांना सांग की मी आठवड्याला दोन पेपर सोडवून आणतो, तुम्ही फक्त लाल पेन फिरवा. एनडीएला रेकमेंड झालेला पोरगा समोर येऊन असं म्हणाला तर नाही म्हणणारा मास्तर मी तरी पाहिला नाही.

आता आबांचं. आज रात्री फोन करून सांग, अगदी साध्या शब्दांत, की फिजिक्सला कमी पडलेत, बोर्डात काढायचेत, मला अमळनेरातच राहू द्या, लग्नकार्याला बोलवू नका. आबा चिडतील, माय म्हणेल "आते रडीसन काय व्हई, अभ्यास कर", नि तिचं बरोबर असेल. लपवून ठेवलंस तर रोज त्या फ्लेक्सची भीती वाटत राहील नि अभ्यासाचे तास त्यातच जातील. त्यांना हेही सांग की रेकमेंड होणं म्हणजे निवड होणं नव्हे, मेरिट लिस्ट अजून लागायचीय, जागा मोजक्या असतात नि रेकमेंड होऊन मेडिकल फिट असलेली पोरंही मेरिटमध्ये न बसल्यामुळे राहतात. फ्लेक्स लावणाऱ्यांचं प्रेम खरं आहे पण घाई झाली, हे मी तुझ्या गावकऱ्यांनाही म्हणेन.

निकाल लागला की ओरिजिनल मार्कशीट कॉलेजातून पहिल्या दिवशी उचल. तुझं नाव, आबांचं नाव, जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटशी नि यूपीएससीच्या फॉर्मशी जुळतंय का ते आत्ताच तपास, स्पेलिंगच्या एका अक्षरासाठी पोरं ऐनवेळी बोर्डाच्या ऑफिसला खेटे घालतात. यूपीएससीच्या जाहिरातीत बारावी पास झाल्याचा पुरावा द्यायची शेवटची तारीख असते, ती लिहून भिंतीला लाव.

खर्चाचं तू बरोबर ऐकलंयस, राहणं, खाणं, युनिफॉर्म, शिक्षण सरकारकडे. पॉकेट अलाउन्स घरच्यांनी द्यायचा असतो, पण उत्पन्न कमी असेल तर त्यालाही मदत मिळते, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, तेव्हा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. आणि स्वतःहून ट्रेनिंग सोडलं तर झालेला खर्च वसूल करतात, तशी सही आबांकडून घेतली जाते, ती वाचून करा. तिथे दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची डिग्री मिळते, बीए, बीएससी, कॉम्प्युटर सायन्स, बीटेक, आणि अभ्यासात नापास झालं तर रेलीगेट करतात म्हणजे एक टर्म, सहा महिने मागे. म्हणून आत्ता बसवलेला लिहायचा हात तिथेही लागणार आहे.

प्रश्न : सर, मी शहाद्याचा, बारावीलाच आहे, एनडीए निघाली नाही पण टीईएसला जायचंय. फिजिक्स माझंही कच्चं. पास झालो तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, वरचं उत्तर तुला लागू नाही. टीईएसला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून किमान ६० टक्के लागतात आणि जेईई मेन दिलेली असावी लागते. नेव्हीच्या बीटेक एन्ट्रीला तर ह्या तीन विषयांत ७० टक्के, शिवाय दहावी किंवा बारावीत इंग्लिशला ५०, नि बोलावणं जेईई मेनच्या रँकवर. पण टक्के तिन्ही विषय मिळून धरतात, फिजिक्स ५० वर अडकलं तर मॅथ्स नि केमिस्ट्रीने ते भरून काढता येतं, तेव्हा ते दोन घट्ट कर. तरीही ६० च्या खाली राहिलास तर बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा आहे, फक्त वय बघून ठरव, नि एनडीएची पुढची लेखी सोडू नकोस, ती वर्षातून दोनदा होते.